मुक्या माराची पुडी: सीमाभागातल्या तालमीतल्या लेपांची पार्श्वभूमी

बेळगावच्या रविवार पेठेत किंवा निपाणीच्या बाजारात काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन "मुक्या माराचा लेप द्या" एवढंच म्हणा. कुठं लागलंय, कसं लागलंय, हे दुकानदार फारसं विचारत नाही. आंबेहळदीचं कांड, तुरटीचा खडा, बोळ, कुणाच्या हिशेबानं थोडी लोधाची साल, की पुडी तयार. घरी नेऊन सहाणेवर उगाळायचं, लोखंडी पळीत गरम करायचं आणि सोसवेल इतकं ऊन असताना घोट्यावर, गुडघ्यावर, मनगटावर थापायचं. हळदीला अरिशिण म्हणणारं शेजारचं कानडी गिऱ्हाईकही तीच पुडी घेऊन जातं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, त्यानंतरचा वाद अजून मिटलेला नाही. मुक्या माराच्या पुडीवर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही.

हा लेप कधीपासूनचा, असं विचारलं तर उत्तर एकच येतं: "पूर्वापार." माझी अडचण या शब्दाशी आहे. त्या पुडीत एकच जुना काळ नाही. वेगवेगळ्या शतकांतल्या, वेगवेगळ्या मुलखांतल्या वस्तू तिच्यात एकत्र आल्या आहेत, आणि काही तर आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखत आल्या.

सगळ्यात जुना थर ग्रंथांचा. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांसाठी स्वतंत्र चिकित्सा आहे. मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि साळीच्या तांदळाचं पीठ शंभर वेळा धुतलेल्या तुपात कालवून लेप द्यावा, वर मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कांबी बांधाव्यात, असं तिथं सांगितलं आहे. पट्टी कधी सोडायची तेही ऋतूवर ठरवलेलं: थंडीत दर सात दिवसांनी, मधल्या ऋतूंत पाच, कडक उन्हाळ्यात तीन. सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट बांधली तर सूज, ठणका आणि पिकणं, हा इशाराही आहे. या शेवटच्या इशाऱ्याकडे पुढे परत यावं लागेल.

लेपाचे नियम तर वाचताना हसू येईल इतके आपल्या उलट आहेत. लेपाची जाडी ओल्या म्हशीच्या कातड्याएवढी असावी. तो लवेच्या उलट दिशेनं लावावा, म्हणजे मुळाशी मुरतो. वाळत आलेला लेप अंगावर ठेवू नये. अपवाद फक्त जिथं दाबून पू काढायचा असेल तिथला. आणि रात्री लेप लावू नये, कारण आतली उष्णता कोंडते. आपल्याकडे काय होतं? संध्याकाळच्या मेहनतीनंतर लेप थापायचा, वर एरंडाचं पान ठेवून जुन्या धोतराचा फडका गुंडाळायचा आणि सकाळपर्यंत त्याचे पापुद्रे निघेस्तोवर ठेवायचा. वाळताना कातडी ताणली गेली की "लेप ओढतोय" म्हणून समाधान मानायचं. म्हणजे तालमीतला लेप सुश्रुताचा वारसा सांगतो, पण त्याचा एकही नियम पाळत नाही. यात कुणाची चूक काढायची नाही. ग्रंथ एका वाटेनं आला आणि हाताची सवय दुसऱ्या वाटेनं, एवढंच यातून दिसतं.

ती दुसरी वाट कुस्तीची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मल्लविनोद' नावाचं प्रकरण आहे. वय आणि बळ पाहून मल्लांची प्रतवारी लावलेली आहे, त्यांच्या खुराकाचा आणि सरावाचा विचार आहे. कानडी मुलखातल्या या राजाच्या ग्रंथातल्या संगीताच्या भागात मराठीतल्या जुन्या ओळीही सापडतात. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. आपल्या तालमीत आजही वस्ताद एका भाषेत शिव्या देतो आणि दुसऱ्या भाषेत डाव सांगतो.

तालमीत औषध सुरू होतं ते मातीपासून. हौद्यातली लाल माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळतात. खरचटल्यावर हीच माती चोळून पुन्हा लढतीला उभं राहणारे पठ्ठे अनेकांनी पाहिले असतील. माती भुसभुशीत ठेवल्यानं आदळण्याचा मार कमी लागतो, हा तिचा खरा गुण. हळदीचा नंबर त्यानंतरचा. शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं केलं, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या पोरांना पहिलवानकीसाठी जायला एक मोठं ठिकाण झालं. ही पोरं गावाकडे परतताना डावांबरोबर लेपही घेऊन आली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे पलटणीतून निवृत्त झालेले जवान गावोगाव तालमी आणि व्यायामशाळा चालवू लागले, आणि त्यांच्या ट्रंकेतून लष्करी दवाखान्यातलं क्रेप बँडेजही आलं.

आता पुडीतल्या एकेका जिन्नसाकडे वळू. बोळ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की तो परसातला वाटावा. हिराबोळ म्हणजे सोमालिया, इथिओपिया, येमेनकडच्या काटेरी झुडपाचा डिंक. काळाबोळ त्याहून निराळा, तो कोरफडीचा आटवलेला रस. दुकानात दोघांची नावं सर्रास अदलाबदल होतात. समुद्रापलीकडचा माल वेंगुर्ल्यासारख्या बंदरांत उतरे आणि सह्याद्री चढून बेळगावच्या पेठेत येई. म्हणजे "गावठी" म्हणून आपण ज्याची बढाई मारतो त्या लेपाचा एक भाग आफ्रिकेतून आलेला आहे. आंबेहळदीचंही असंच. कच्च्या कैरीचा वास येणारं कांड वेगळं आणि रानहळदीचं वेगळं. बाजारात दोन्ही एकाच नावानं खपतात.

घरची हळद मात्र खरोखर इथली. अथणी, रायबागकडे ती पिकते आणि सांगलीच्या बाजारात जाते. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए यांनी वेगळं काढलं. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं जुन्या ग्रंथांतले आणि नियतकालिकांतले दाखले पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. या लढाईचा आपल्याला अभिमान आहे, असायलाही हवा. पण तिथं सिद्ध झालं ते इतकंच की हा वापर नवा नाही. मुरगळलेल्या घोट्यावर तो किती चालतो, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

हळद-चुन्याची गोष्ट तर मी स्वतःच्या कातडीवर शिकलो. सहावीत असताना कबड्डीत पाय मुरगळला, घरी हळद आणि चुना कालवून गरम करून लावलं. लेप लालभडक झाला तेव्हा "बघ, रक्त ओढून घेतलं" असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी घोट्यावर सुजेबरोबर फोडही होते. लाल रंगाचं कारण पुढे कळलं: कर्क्युमिन चुन्यासारख्या क्षारात लाल होतं, आपलं कुंकू याच युक्तीनं बनतं. आणि क्षारात ते फार काळ टिकतही नाही, लवकर विघटित होतं. म्हणजे आपण ज्या औषधासाठी हळद घालतो तेच चुन्यानं मोडत होतो. जाणवत होती ती चुन्याची आग. बिब्ब्याचा प्रकार याहून वाईट. दुखऱ्या सांध्यावर बिब्बा घालायचा आणि तो उतला की आठवडाभर खाजवत बसायचं. एक दुखणं दुसऱ्यानं झाकण्याची ही पद्धत.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या जंगलपट्टीत लेपापेक्षा पाल्याला मान आहे. निर्गुडी, जिला कानडीत लक्की म्हणतात, तिचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा किंवा पाण्यात उकळून शेक द्यायचा. रुईचं आणि एरंडाचं पान तेल लावून शेकायचं. हाडासाठी कांडवेल, म्हणजे कानडीतली मंगरवळ्ळी. या पाल्यांचा मोठा गुण असा की नुकसान करायची ताकद त्यांच्यात कमी आहे. ऊन पाला तासभर बांधून माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसणं हेच पहिलवानाला सगळ्यात अवघड जातं. माझ्या मते लेपाच्या यशातला मोठा वाटा या सक्तीच्या विश्रांतीचा आहे. लेप ओला असताना कुणी बैठका मारत नाही.

इंग्रजी अमलाचा थर 'पोटीस' या शब्दातच दिसतो. जवसाचं पोटीस आपल्या आज्या बांधत, पण शब्द आला 'पोल्टिस'वरून. त्यानंतर आल्या बाटल्या आणि डब्या. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं. कापूर, पुदिन्याचं फूल, निलगिरी आणि विंटरग्रीन तेल यांचा वास हळूहळू तालमीचाच वास झाला. विंटरग्रीनला आयुर्वेदिक लेबलावर 'गंधपुरा तेल' असं नाव मिळालं आणि ते आपलं झालं. त्यातलं मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनच्या कुळातलं. स्लोन नावाच्या मालिशच्या तेलात मिरचीचा अर्क असे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली आणि पुढे हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वराच्या नावानं तिची एक जात घरोघर पोचली, तेव्हा तीही आपलीच. मिरचीचा तिखटपणा मज्जातंतूच्या टोकावरच्या ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, लागतो तो डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली ओळखला. २०२१ सालच्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा आहे. पुदिन्याचा गारवा अशाच दुसऱ्या ग्राहीवर चालतो. थोडक्यात, बाम चोळल्यावर जळजळ किंवा गार वाटतं ते खरं. त्यातून स्नायूची फाटलेली दोरी सांधली जाते असं नव्हे.

"झाडपाल्याचं आहे, काय होतंय" हे वाक्य इथंच तोकडं पडतं. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतकं सॅलिसिलेट असतं, ३२५ मिलिग्रॅमच्या २० हून अधिक गोळ्यांएवढं. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू अशा स्नायुदुखीच्या मलमांच्या अतिवापरानं झाल्याचं तिथल्या वैद्यकीय तपासात निघालं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांच्या गुडघ्यावर नातवाचा बाम रोज भरपूर चोळला जात असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

हाडवैद्यांचा विषय वेगळा आहे आणि नाजूकही. निखळलेला खांदा एका झटक्यात बसवणारे हात या पट्ट्यात होते आणि आहेत. पण सुश्रुतानं दिलेला तो इशारा, घट्ट बांधू नका, इथंच विसरला जातो. बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या की रक्तपुरवठा तुटतो, बोटं गार पडतात, काळीनिळी होतात आणि हात कायमचा आखडतो. लेप त्यात काहीच करू शकत नाही.

ऊन लेप की बर्फ, हा वाद मात्र नवा. विश्रांती, बर्फ, दाब आणि उंचीवर ठेवणं हे चार कलमी सूत्र अमेरिकेतले क्रीडावैद्य गेब मर्किन यांनी १९७८ साली मांडलं आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांपर्यंत पोचलं. बेळगावच्या फुटबॉल मैदानांवर थर्मासमधला बर्फ तेव्हापासून आला. २०१४ साली मर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती दोन्हींनी भरून येणं लांबू शकतं. सुजेलाही काही काम असतं, हे आता मान्य होत चाललं आहे. तरी ताज्या मारावर पहिले ४८ तास ऊन लेप आणि रगडून मालीश टाळावं, हा सल्ला टिकून आहे. जुन्या, आखडलेल्या दुखण्यावर शेक चालतो.

युरोपात कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीच्या मुळाच्या मलमाची मुरगळलेल्या घोट्यांवर तुलनात्मक चाचण्या करून परीक्षा झाली. आपल्या पुडीच्या वाट्याला तेवढी तपासणी आली नाही, आणि ती करायला जागा दूर नाहीत. बेळगावच्या शहापुरातलं आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासूनचं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं २००६ साली बेळगावात सुरू झालेलं केंद्र आज पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था म्हणून ओळखलं जातं.

दरम्यान हौद्याशेजारी मॅट आली आहे. मातीत खांदे आणि कान सुजायचे, मॅटवर पाय अडकून गुडघ्याच्या दोऱ्या तुटतात, आणि त्यांना कुठल्याच पुडीत उत्तर नाही. हे वस्तादांना दवाखान्याआधी कळलं. पूर्वी "दुखालंय काय रं?" म्हणून अंगठ्यानं सांधा दाबून पाहणारे जुने वस्ताद आता पोराला एक्स-रेला पाठवतात. आपल्याकडे त्याला फोटोच म्हणतात. "आधी फोटो काढून ये," ते सांगतात, "लेपाचं मग बघू."