न्यायासन वेगळं, पांढरं राजासन वेगळं

जालना-अंबडकडच्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मयतीच्या उपासनेला बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, २०वा अध्याय वाचला, की म्हाताऱ्या माणसांचे चेहरे उतरतात. पुस्तकं उघडली जातात, लहानथोर सगळे मेलेले राजासनापुढे उभे राहतात आणि ज्याचं नाव जीवनाच्या पुस्तकात सापडत नाही तो अग्नीच्या सरोवरात जातो. लगेच उपदेशक सांगतो, आपली बहीण प्रभूमध्ये निजली, तिला प्रतिफळ ठेवलेलं आहे. मग एखादी आजी विचारते, "सगळं लिव्हून ठेवलं असंल, तर मग माफी कशाची झाली?"

आजीचं काही चुकत नाही. दोन वेगळे उतारे एका दमात सांगितले, की हा पेच पडतोच.

पहिला उतारा प्रकटीकरण २०:११-१५, मोठं पांढरं राजासन. समुद्र, मरण आणि अधोलोक आपापले मेलेले परत देतात, प्रत्येकाचा कृत्यांप्रमाणे न्याय होतो आणि शेवटी 'दुसरं मरण' येतं. प्रश्न सरळ जीवन की नाश एवढाच. बक्षीस, मुगूट, शाबासकी यांतलं तिथे काही नाही.

दुसरा उतारा २ करिंथ ५:१०, ख्रिस्ताचं न्यायासन. इथे प्रेषित पौल 'आपणा सर्वांना' म्हणतो आणि पत्र लिहितोय ते मंडळीला. देहाने जे केलं, बरं असो की वाईट, त्याचं फळ तिथे मिळायचं आहे. हिशेब आहे, पण तो घरच्या माणसाकडून घेतलेला. ख्रिस्तात असलेल्याला दंडाज्ञा नाही, हे रोम ८:१ सांगतं.

आता हिशेब म्हणजे नेमकं काय, हे १ करिंथ ३ वाचल्यावर कळतं. पाया एकच, येशू ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं, रुपं, मोलवान दगड रचतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. मग अग्नी प्रत्येकाचं काम पारखतो. मराठवाड्यात हे वेगळं समजवायला नको. तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड आणि वर पाचटाचं छप्पर असलेलं घर उन्हाळ्यात एका ठिणगीनं कसं बसतं, ते गावोगाव पाहिलेलं असतं. शेजारची काळ्या दगडाची भिंत काळवंडते, पण उभी राहते. ज्याचं काम जळालं त्याचं नुकसान होतं, तो स्वतः मात्र वाचतो, 'जणू अग्नीतून'. म्हणजे आगीतून अंगावरच्या कपड्यानिशी निघालेला माणूस. तारण, म्हणजे नाशापासून सुटका, आहे, पण हात रिकामे.

काही उपदेशक हे न्यायासन म्हणजे खेळाच्या मैदानावरचा बक्षीस वाटायचा ओटा, असं सांगून मोकळे होतात. मला ते पटत नाही. करिंथकरांनी असं आसन आपल्या चौकात पाहिलेलं होतं. त्याचा दगडी चौथरा उत्खननात सापडला आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात खुद्द पौलाला तिथेच रोमी अधिकारी गल्लियोपुढे ओढून नेलं होतं. डेल्फीच्या शिलालेखावरून गल्लियोचा काळ इ.स. ५१-५२च्या सुमाराचा धरतात. येशूचा न्याय करायला रोमी सुभेदार पिलात बसला तेही असंच न्यायासन. बक्षिसं तिथे असतीलही, पण 'बरं असो की वाईट' यातलं 'वाईट' खोडून कसं चालेल?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे दोन न्याय दोन वेगळ्या काळी होतील, मध्ये ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य असेल, हा तक्ता सगळ्या ख्रिस्ती परंपरांचा नाही. तो १९व्या शतकात उपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पुढे आला आणि १९०९च्या स्कोफिल्ड बायबलमुळे, म्हणजे टीपांसह छापलेल्या बायबलमुळे, दूरवर गेला. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे. त्या चर्चच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत जाहीरनाम्यात, न्यायाचा एकच शेवटचा दिवस आहे. कॅथलिक शिकवणीतही दोन न्याय आहेत, पण ते निराळे: एक मरताक्षणी ज्याचा त्याचा, दुसरा शेवटी सगळ्यांचा. तारण हातचं जाऊ शकतं, असं मानणाऱ्याही मंडळ्या आहेत. आणि पांढऱ्या राजासनापुढे विश्वासणारे नसतील, हे त्या उताऱ्यात शब्दशः लिहिलेलं नाही. योहान ५:२४ आणि त्याच २०व्या अध्यायातलं 'पहिलं पुनरुत्थान' जोडून तो निष्कर्ष काढतात.

दिवस एक असो की दोन, प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले तर आजीला उत्तर देता येतं. माफी पापाच्या दंडाची झाली. आयुष्याचं काय केलं, हे विचारायचं राहिलंच आहे. घोळामुळे भाबडी माणसं विनाकारण भितात. उलट 'आपलं तारण झालंय, आता कुणाची भीती' म्हणणारा भावाशी बांधाचं भांडण चालू ठेवून प्रभुभोजनाला पहिल्या रांगेत बसतो. मला दुसरा आजार मोठा वाटतो.

पौल रोम १४ मध्ये हे न्यायासन आणतो तेही खाण्यापिण्यावरून एकमेकांना तोलणाऱ्यांपुढे: तू भावाचा न्याय का करतोस, आपण सगळेच तिथे उभे राहणार. याकोब ३:१ तर सांगतो की शिकवणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल. मयतीला हे वचन वाचलेलं मी अजून ऐकलेलं नाही.