वितरण गोदामातील व्यवहारगणित (कोकण किनारपट्टी)

कारखान्यातून किंवा घाऊक बाजारातून आलेला माल उतरवून घेणे, मोजून थप्पीला लावणे आणि दुकानदारांच्या मागणीप्रमाणे पुन्हा गाडीत भरणे, हे वितरण गोदामाचे काम. यात लागणारे गणित बेरीज, गुणाकार, टक्केवारी आणि घनफळ यांच्या फारसे पलीकडे जात नाही. चुका होतात त्या बहुधा एककांत. कोकणात आणखी एक कारण असते, ते म्हणजे पावसाळा आणि गणपती हिशेबात न धरणे.

पोत्यांच्या थप्पीत साधारणपणे एका थरात तीन पोती आडवी व दोन उभी, आणि वरच्या थरात त्याच्या उलट अशी रचना करतात. त्यामुळे पोती एकमेकांना धरून राहतात आणि मोजणीही सोपी होते : 11 पूर्ण थर आणि वर 3 पोती, म्हणजे 58. वरचा अपुरा थर पूर्ण धरला की रजिस्टरात 60 लागतात आणि पुढच्या मोजणीत दोन पोत्यांची तूट दिसते. सिमेंटची थप्पी 10 पोत्यांपेक्षा उंच लावू नये, खालची पोती दाबाने गठ्ठ होतात. माल जमिनीपासून 15 ते 20 सेंमी. उंच फळ्यांवर आणि भिंतीपासून 60 सेंमी. दूर ठेवावा. जांभ्याची भिंत ओल धरते, म्हणून इथे ही मोकळी जागा सोडणे टाळता येत नाही. तिचा हिशेब मात्र भाडे ठरवतानाच करावा : 10 × 6 मी. खोलीत चारही बाजूंनी 60 सेंमी. सोडले, तर 60 चौ. मी. पैकी वापरायला 8.8 × 4.8, म्हणजे सुमारे 42 चौ. मी. उरतात. चालण्याची वाट त्यातूनच काढायची.

एककांच्या गोंधळाचे ठळक उदाहरण खाद्यतेलाचे. तेलाचा एक लिटर साधारण 910 ग्रॅम भरतो, म्हणून 15 लिटरच्या डब्यात 13.65 किलो तेल असते. चलनावर (मालासोबत येणाऱ्या कागदावर) 'लिटर' आणि रजिस्टरात 'किलो' असे झाले, तर 100 डब्यांमागे 135 किलोची तफावत निघते. एकही डबा चोरीला गेलेला नसतो आणि संशय मात्र हमालांवर येतो. दुकानदाराने फोनवर सांगितलेले '10' म्हणजे दहा नग की दहा खोके, हे तिथल्या तिथे विचारून घेणे हे गोदामातले मोठे कौशल्य आहे.

मोजलेला साठा आणि रजिस्टर यांतला फरक 9 ने भागला जात असेल, तर आधी आकड्यांची अदलाबदल शोधावी. 63 च्या जागी 36 लिहिले की फरक 27 येतो.

गाडी वजनाने भरते किंवा जागेने. 9 टन भार नेणाऱ्या गाडीत 50 किलोची 180 पोती जातात. हलक्या खोक्यांचे गणित वेगळे. 540 × 210 × 200 सेंमी. हौद्याच्या घनफळाला 40 × 30 × 25 सेंमी. खोक्याच्या घनफळाने भागले तर उत्तर 756 येते. पण लांबीत 13, रुंदीत 7 आणि उंचीत 8 खोकी बसतात, म्हणजे सगळी सरळ लावल्यास 728. उरलेल्या 28 खोक्यांसाठी दुसरी फेरी करावी लागते. भरताना क्रम उलटा : कुडाळहून ओरोस, कसाल, कणकवली असा रस्ता असेल, तर कणकवलीचा माल आधी आत जातो.

नवा माल कधी मागवायचा, ते रोजचा खप × माल पोचायला लागणारे दिवस + राखीव साठा यावरून ठरते. समजा, रोज 40 खोके खपतात आणि गाडी दोन दिवसांत येते. एका दिवसाचा साठा राखीव धरला, तर 120 खोके उरताच मागणी द्यावी लागेल. पावसात दरड कोसळून किंवा महामार्ग तुंबून पाच दिवस लागणार असतील आणि राखीव साठा दोन दिवसांचा ठेवला, तर हाच आकडा 280 होतो. मे महिन्यातल्या आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायच्या, खरेदीत खपच वाढतो. गणपतीत चाकरमानी गावी येतात, त्याच दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बहुतेक वर्षी बंदी असते. तेव्हा साखर, रवा, तेल बंदीपूर्वीच आत आलेले हवे. ई-वे बिलाची (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या जीएसटी कागदाची) मुदत साध्या मालासाठी दर 200 किमी. किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी मोजतात. 450 किमी. ला तीन दिवस मिळतात. घाटात गाडी अडकली, तर मुदत संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या 8 तासांत ती वाढवून घ्यावी लागते.

नदीकाठच्या बाजारपेठांत पुराचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. चिपळूणमध्ये 2005 आणि 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. सीलबंद तेल पाण्यात तग धरते. साखर, मीठ, पीठ, सिमेंट टिकत नाही, त्यामुळे माळ्यावर आधी हे जाते. चार हमाल मिनिटाला प्रत्येकी एक पोते वर नेतील असे धरले, तर तासाला 240 पोती होतात. पण तो वेग टिकत नाही. दोन तृतीयांश, म्हणजे 160 धरावीत. या दराने 600 पोत्यांना पावणेचार तास लागतात. पाणी उंबऱ्याशी येण्याच्या किमान तेवढा वेळ आधी पहिले पोते उचललेले असले पाहिजे.