हवेतले शंभर व्होल्ट आणि मीटरवरचा भोपळा

मे महिन्यात आमच्या इमारतीतला अकरावीतला एक मुलगा मल्टिमीटर घेऊन वर आला. मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ पाहिला होता. गच्चीवर बांबू, बांबूच्या टोकाला तांब्याची तार, तारेचं दुसरं टोक बल्बला आणि बल्ब लख्ख पेटलेला. "काका, हवेत दर मीटरला शंभर व्होल्ट असतात ना? मी तार दोन मीटर वर नेली. दोनशे यायला हवेत. हा भोपळा दाखवतोय."

गंमत म्हणजे पोराचा आकडा बरोबर होता. निरभ्र दिवशी, मोकळ्या मैदानात, जमिनीलगत दर मीटर उंचीला साधारण १०० ते १५० व्होल्टचा फरक असतोच. जमीन ऋण, वरची हवा तिच्या मानानं धन. आयनोस्फिअरपर्यंतचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतवाहक थरापर्यंतचा, एकूण फरक अडीच-तीन लाख व्होल्टच्या घरात जातो आणि जगभर कुठे ना कुठे गडगडत असलेली वादळं तो टिकवून धरतात. मग आपल्या डोक्यात आणि पायात दोनशे व्होल्टचा फरक का नाही? कारण हवेपुढे माणूस म्हणजे जवळजवळ तांब्याचा खांब. डोकं नि पाय एकाच पातळीवर येतात आणि फरक डोक्याच्या वरच्या हवेत सरकतो.

व्होल्ट खरे असूनही मीटर शून्य दाखवतो, याचं उत्तर करंटमध्ये आहे. स्वच्छ हवेतून जमिनीकडे येणारा प्रवाह दर चौरस मीटरला साधारण २ पिकोअँपिअर. पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग. मल्टिमीटरच्या दोन टोकांमधला रोध असतो एक कोटी ओहम. मुलानं चौरस मीटरभर पत्रा टांगला असता आणि त्यावर आलेला सगळा करंट मीटरमधून गेला असता, तरी मीटरवर पडले असते फक्त २० मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा पन्नास हजारावा भाग. तेवढं त्याच्या मीटरला दिसतही नाही.

पाण्याच्या भाषेत सांगतो. चौथ्या मजल्यावर टाकी आहे, पण खाली येणारा पाइप केसाएवढा बारीक. दाब किती ते बघायला तुम्ही खाली अर्ध्या इंचाचा नळ पूर्ण उघडलात, तर नळाला ओल सुटेल, दाब दिसणार नाही. टाकीची उंची खोटी नाही, नळ उघडणं हीच चूक. मल्टिमीटर हा असाच उघडा नळ आहे. घरच्या २३० व्होल्टना तो एक कोटी ओहमचा नळ जाणवतही नाही, हवेला मात्र तो शॉर्ट सर्किट वाटतो.

हिवाळ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून उठून दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. त्या क्षणी अंगावर दहा हजार व्होल्टसुद्धा असू शकतात. शरीराची विद्युतधारिता, म्हणजे भार साठवायची क्षमता, साधारण १०० पिकोफॅरड. ती एक कोटी ओहममधून रिकामी व्हायला लागली की एक सहस्रांश सेकंदात दहा हजाराचे सुमारे ३,७०० उरतात आणि शतांश सेकंदात अर्धा व्होल्ट. मीटर आकडा बदलतो सेकंदाला दोन-तीनदा. म्हणजे तो डोळे उघडेपर्यंत मडकं रिकामं, आणि रिकामं त्यानंच केलेलं. (हा प्रयोग करू नका. मीटरवर ६०० किंवा १००० व्होल्टची मर्यादा लिहिलेली असते ती उगीच नाही.)

जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचे मेकॅनिक पंचवीस हजार व्होल्ट मोजायचे ते लांब दांड्याच्या प्रोबनं. त्यात शंभर कोटी ओहमची रोधमाळ असते, करंट जातो २५ मायक्रोअँपिअर, आणि टीव्हीला तेवढा सहज परवडतो. पण हवेच्या दोनशे व्होल्टना हाच प्रोब लावला तर तो मागेल चौरस मीटरभर हवा देते त्याच्या एक लाख पट. रोध वाढवत नेण्याचा रस्ता इथं संपतो.

हा पेच १८६० च्या सुमारास विल्यम थॉमसननं सोडवला. पुढे लॉर्ड केल्विन झाला तो हाच. त्याची युक्ती मला आजही एखाद्या जादूगाराच्या हातचलाखीसारखी वाटते, फरक इतकाच की यात लपवलेलं काही नाही. खिडकीच्या आत, जमिनीपासून नीट अलग केलेल्या आधारावर, पाण्याचा एक डबा. डब्याला लांब नळी, खिडकीतून बाहेर मोकळ्या हवेत काढलेली. नळीच्या टोकाशी पाण्याची बारीक धार तुटून थेंब पडत राहतात. झालं यंत्र.

आता नळीच्या टोकाशी काय चाललंय ते जवळून बघू. भोवतालची हवा समजा जमिनीपेक्षा दोनशे व्होल्ट वर आहे आणि डबा अजून शून्यावर. वरच्या धन हवेमुळे नळीच्या टोकाशी ऋण भार ओढला जातो. पडणारा प्रत्येक थेंब त्यातला थोडासा घेऊन जातो. डब्यातून ऋण भार गेला, म्हणजे डबा थोडा धन झाला, त्याचे व्होल्ट थोडे चढले. पुढच्या थेंबाला ऋण भार जरा कमी मिळतो. त्याच्या पुढच्याला आणखी कमी. असं होत होत एक वेळ येते, जेव्हा टोक आणि भोवतालची हवा एकाच पातळीवर असतात, टोकाशी जास्तीचा भार उरत नाही आणि थेंब कोरे पडायला लागतात. डबा आपण होऊन हवेच्या पातळीला येऊन थांबलेला असतो. हवेकडून करंट मागितलाच नाही. मग भार वेगळा करायला जोर कुणी लावला? थेंब खाली ओढणाऱ्या गुरुत्वाकर्षणानं! मोजण्याची मेहनत थॉमसननं गरीब हवेवर न टाकता पृथ्वीवर टाकली.

डब्याचे व्होल्ट वाचायला त्यानं इलेक्ट्रोमीटर वापरला. त्यात धातूच्या चार पाकळ्यांमध्ये टांगलेली हलकी पट्टी विद्युतबलानं किंचित वळते आणि तिच्यावरच्या आरशातून प्रकाशाचा ठिपका सरकतो. सुरुवातीला पाकळ्या भरायला लागतो तेवढाच भार, पुढे काही नाही. इंग्लंडमधल्या क्यू वेधशाळेत हा ठिपका घड्याळावर फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडायचा आणि आपली रेघ आपणच काढायचा. खरी डोकेदुखी होती ती गळतीची. भार आधारावरून निसटू नये म्हणून केल्विन यंत्राच्या पोटात तीव्र गंधकाम्ल ठेवून हवा कोरडी राखायचा. अशा मोजमापांत दवानं ओला झालेला कोळ्याचा एक धागासुद्धा सगळा दिवस वाया घालवू शकतो.

आज हेच काम फील्ड मिल करते. धातूची एक तबकडी आणि तिच्यावर फिरणारं, जमिनीला जोडलेलं पात्याचं झाकण. झाकण उघडलं की हवेतल्या विद्युतक्षेत्रामुळे तबकडीवर भार येतो, मिटलं की जातो. दर मीटर उंचीला १०० व्होल्टच्या विद्युतक्षेत्रात १०० चौरस सेंटिमीटरच्या तबकडीवर येतो सुमारे ९ पिकोकुलंब, म्हणजे साडेपाच कोटी इलेक्ट्रॉन. सेकंदाला शंभर वेळा उघडझाप केली की तबकडीच्या तारेतून ये-जा करणारा सुमारे दोन नॅनोअँपिअरचा प्रवाह मिळतो, आणि तो वाढवणं इलेक्ट्रॉनिक्सला सोपं जातं. इथं कष्ट मोटरचे. १९६९ साली चंद्राकडे निघालेल्या अपोलो १२ वर उड्डाणानंतर पहिल्या मिनिटातच दोनदा वीज कोसळली होती. आज अमेरिकेतल्या केनेडी स्पेस सेंटर या उड्डाणतळाभोवती अशा तीसहून जास्त गिरण्या फिरत असतात.

राहिला व्हिडिओतला बल्ब. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर येणारा सगळा करंट दोनशे व्होल्टला पकडला, इतकं उदार धरलं तरी मिळतात ४० नॅनोवॉट. नऊ वॉटचा एक एलईडी पेटवायला अशा साडेबावीस कोटी गच्च्या लागतील. त्या बांबूमागून दुसरी वायर आली होती, एवढंच. हवेतली ऊर्जा खेचणारे तांब्याचे पिरॅमिड विकणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

त्या मुलाला मी लोणच्याची रिकामी बरणी दिली. त्यानं त्यात तांब्याची तार मेणात बसवली आणि खाली स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या दोन पातळ पट्ट्या टांगल्या. मे अखेरीस केसांवर घासलेला कंगवा तारेला लावला की पट्ट्या फाकायच्या आणि बराच वेळ तशाच राहायच्या. परवा तो पुन्हा वर आला. आता दोन सेकंदांत मिटतात म्हणे. बाहेर पाऊस, मेणावर दमट हवेचा ओलसर थर. मेण केस वाळवायच्या ड्रायरनं सुकव, म्हटलं, आणि नाहीच जमलं तर जानेवारीत ये.