टेबल आणि व्यासपीठ

सकाळी गळ्यात बिल्ला अडकवून वीस-वीस मिनिटांचे शोधनिबंध ऐकायचे आणि दुपारी ज्यांच्या कामावर ते वाचले गेले त्यांच्याच टेबलापुढे उभं राहून पुस्तकं चाळायची, हे कॉमिक्सच्या जगात आता सरावाचं झालंय. इंग्लंडमधल्या लीड्सची ‘कॉमिक्स फोरम’ ही अभ्यासकांची परिषद २००९ मध्ये ‘थॉट बबल’ या कॉमिक्स महोत्सवाला जोडूनच सुरू झाली. कादंबरीच्या प्राध्यापकांच्या वाट्याला अशी सोय क्वचितच येते. कॉमिक्सवाल्यांच्या वाट्याला ती का आली, हे कळायला कॉमिक्स वाचणंच लाजेचं होतं त्या काळात जावं लागतं.

फ्रान्सने १९४९ मध्ये बाल-किशोर प्रकाशनांवर लगाम घालणारा कायदा केला. अमेरिकेत १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं, त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी काय छापायचं नाही हे ठरवणारा ‘कॉमिक्स कोड’ स्वतःच्याच गळ्यात बांधून घेतला. अशा वस्तूला विद्यापीठात कोण विचारणार? त्यामुळे पहिले अभ्यासक निघाले ते हौशी मंडळींतूनच. १९६२ मध्ये फ्रान्समध्ये कॉमिक्सप्रेमींचा क्लब उभा राहिला, त्यात चित्रपट दिग्दर्शक आलाँ रेनेही होते. १९६५ मध्ये इटलीतल्या बोर्दिगेरा इथे पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं आणि पुढच्याच वर्षी ते लुक्का या गावी हललं. तिथे परिसंवाद आणि प्रदर्शन यांत भिंत नव्हतीच. फ्रान्समधल्या आँगुलेमचा कॉमिक्स महोत्सव १९७४ चा.

जपानची गोष्ट निराळी. टोकियोत डिसेंबर १९७५ मध्ये पहिलं ‘कॉमिकेट’, म्हणजे हौशी कॉमिक्सचा मेळा, झालं तेव्हा ३२ गट आपापल्या पुस्तिका घेऊन आले होते आणि येणारे साधारण ७००. तिथला केंद्रबिंदू पहिल्यापासून टेबल.

अमेरिकेत मात्र टेबल आणि व्यासपीठ या दोन्ही वाटा बराच काळ वेगळ्या राहिल्या. १९६८ मध्ये व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रम्ब यांचा ‘झॅप’ हा कॉमिक्सचा अंक सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर बाबागाडीत घालून विकला गेला. कोडचा शिक्का नाही, म्हणजे नेहमीचे वितरकही नाहीत. पुढे झेरॉक्स आलं आणि हे काम आणखी सोपं झालं. एक कागद तीनदा दुमडा, मधे एक काप द्या, की आठ पानांची पुस्तिका तयार. पिनसुद्धा लागत नाही. असा माल मोठ्या मेळ्यांत सुपरहिरोंच्या गर्दीत हरवायचा. म्हणून १९९४ मध्ये मेरीलँडमधल्या बेथेस्डात ‘स्मॉल प्रेस एक्स्पो’ सुरू झाला. तिथले इग्नाट्झ पुरस्कार महोत्सवाला आलेल्यांच्या मतांवर ठरतात आणि विजेत्याला मिळते चक्क वीट, कारण ‘क्रेझी कॅट’ या जुन्या चित्रपट्टीतला इग्नाट्झ उंदीर विटाच फेकतो. कुठल्याही मानचिन्हापेक्षा मला ही वीट प्रामाणिक वाटते.

शेजारच्या वॉशिंग्टनमध्ये, जॉर्जटाउन विद्यापीठात, १९९५ मध्ये ‘इंटरनॅशनल कॉमिक आर्ट्स फेस्टिव्हल’ (ICAF) या नावाने ओळखला गेलेला अभ्यासकांचा मेळावा सुरू झाला. काही वर्षं तो एक्स्पोच्या जोडीने बेथेस्डातच भरे. पुढे नावातला ‘फेस्टिव्हल’ जाऊन ‘फोरम’ आला; लघुरूपातला ‘एफ’ तेवढा शाबूत राहिला. व्यासपीठाला टेबलापासून अंतर हवंसं वाटू लागलं, हे माझ्या मते त्या एका बदलात दिसतं.

पण अंतर फार राखता येत नाही. कारण मूळ साहित्यच ग्रंथालयांत नव्हतं. वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म निघाली की ग्रंथालयं कागदी बांधीव अंक काढून टाकत, आणि त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रविवारच्या पुरवणीतल्या कॉमिक्सचे रंग उरतच नसत. सॅन फ्रान्सिस्कोतले संग्राहक बिल ब्लॅकबिअर्ड यांनी १९६८ मध्ये एक ना-नफा संस्था स्थापली ती हे अंक ग्रंथालयांकडून मिळवता यावेत म्हणूनच, आणि आपलं घर त्यांनी भरून टाकलं. १९९८ मध्ये हा साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे निघाला तेव्हा तो ७५ टन भरला. सहा मोठे ट्रेलर लागले. विद्यापीठाचा स्वतःचा कॉमिक्स-संग्रह १९७७ पासूनचा, व्यंगचित्रकार मिल्टन कॅनिफ यांच्या कागदपत्रांपासून सुरू झालेला. हे विद्यापीठ ज्या कोलंबस शहरात आहे तिथेच २०१५ पासून महोत्सवही भरू लागला.

आर्ट स्पिगलमन यांच्या ‘माउस’ या कॉमिक्स-पुस्तकाला १९९२ मध्ये पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला आणि दारं उघडली, असं नेहमी सांगितलं जातं. दारं उघडली खरी, पण आत ठेवायला वस्तू लागते, आणि दोनशे प्रतींत निघालेली पुस्तिका वर्षभराने शोधून सापडत नाही. २०११ मध्ये ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्मॉल प्रेस एक्स्पोशी करार केला. तेव्हापासून तिथले ग्रंथपाल महोत्सवात टेबलाटेबलावर फिरून संग्रहासाठी पुस्तिका निवडतात.