सतरा नंबरचा फॉर्म: दाखला हातात घ्या, मगच अर्ज भरा

शाळा अर्धवट सुटलेल्या मुलामुलींना थेट दहावीला बसता यावं म्हणून महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाने खासगी विद्यार्थ्यांची सोय ठेवली आहे. कागदावर ती ‘फॉर्म नंबर १७’, लोकांच्या तोंडी ‘सतरा नंबर’. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा या वयापुरता आहे. चौदानंतर शाळेबाहेर राहिलेल्यांना हाच सर्वांत जवळचा रस्ता, आणि तरी दरवर्षी मुलं नको त्या कारणांनी मागे फिरतात.

पात्रता सोपी आहे. किमान पाचवी पास, वयाची १४ वर्षं पूर्ण, आणि त्या वर्षी कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर नाव नसणं. आठवी-नववी पास लागते असं कुणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका. वयाला वरची मर्यादा नाही, मुलाबरोबर आईसुद्धा परीक्षेला बसू शकते. बारावीसाठी दहावी पास असणं आणि मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं.

कागद तीनच: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार कार्ड, फोटो. घोडं अडतं ते दाखल्यावर.

कुणाचा पुरात गेलेला असतो, कुणाचे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर शाळा आपोआप सुटलेली असते आणि दाखला कधी काढलेलाच नसतो. काढलेलाच नसेल तर शेवटच्या शाळेत लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणीला ‘उद्या या’ हे उत्तर मिळतं, पोच असली की पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. हरवला असेल तर दुय्यम प्रत मिळते, तिच्यासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. शाळाच बंद पडली असेल तर तिचं दप्तर बहुधा जवळच्या शाळेत किंवा शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेलेलं असतं, चौकशी तिथून सुरू करा. बोनाफाईड घेऊन जाऊ नका, ते दाखल्याऐवजी चालत नाही. आणि जुनी फी थकली म्हणून मुलाचा दाखला अडवून धरणं हा सरळ अन्याय आहे. अशा वेळी गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

दुसरी अडचण नावाची. अर्जात नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख दाखल्यावर आहे तशीच भरायची. सायबर कॅफेवाला घाईत आधारवरून भरतो आणि मग दोन्हीकडचं जुळत नाही. लवकर लग्न झालेल्या मुलींचं यात फार नुकसान होतं: आधारवर सासरचं नाव, दाखल्यावर माहेरचं. तिथेही दाखल्यावरचंच नाव भरा, आणि विवाह प्रमाणपत्र असल्यास सोबत ठेवा. दाखल्यातच चूक असेल तर दुरुस्ती मूळ शाळेमार्फत होते, आणि तिला वेळ लागतो. म्हणून दाखला हातात पडताच अक्षर न् अक्षर वाचा.

अर्ज फक्त ऑनलाइन, मंडळाच्या संकेतस्थळावरून. कागद अपलोड करायचे, शुल्क भरायचं, आणि घराजवळची शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची. मोबाइल नंबर मात्र स्वतःचा किंवा घरातला द्या. कॅफेवाल्याचा नंबर दिला की पुढचे सगळे निरोप त्याच्याच फोनवर जातात. नंतर अर्जाची प्रिंट, पावती आणि मूळ कागद संपर्क केंद्रात जमा करायचे. मूळ दाखला देण्याआधी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. सतरा नंबर भरला म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला, असं नाही. ही फक्त नावनोंदणी आहे. परीक्षेचं आवेदनपत्र नंतर संपर्क केंद्रामार्फत वेगळं भरावं लागतं आणि त्याचं शुल्कही वेगळं असतं. नावनोंदणीचा कागद जपून ठेवून मुलं फेब्रुवारीत हॉल तिकीट घ्यायला जातात आणि यादीत नावच नाही हे तिथे कळतं. वर्ष जातं. हा फरक शाळेने आणि मंडळाने पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांत सांगायला हवा. तोवर तुम्हीच दिवाळीच्या आसपास केंद्रात चक्कर मारून विचारत राहा. तोंडी परीक्षा आणि अंतर्गत गुणांचं कामही त्याच खेपेत विचारून घ्या, कारण ते गुण केंद्राकडूनच जातात.

तारखांचाही घोटाळा होतो. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असली तरी नावनोंदणी आदल्या वर्षीच उरकते. नियमित मुदतीनंतर विलंब शुल्कासह मुदत मिळते, पण ती संपली की विनवणी करून काही होत नाही. दाखल्याची धावपळ उन्हाळ्यातच सुरू करा.

नववी नापास मुलांच्या पालकांना एक कळकळीची विनंती. ‘दाखला काढा, सतरा नंबर भरा’ असा सल्ला शाळा देते तेव्हा घाईने सही करू नका. बरेचदा त्यामागे दहावीच्या निकालाची काळजी असते, तुमच्या मुलाची नव्हे. रोजचा वर्ग आणि शिक्षक एकदा सुटले की घरी एकट्याने अभ्यास करणं त्याच मुलाला सर्वांत जड जातं. दिवसा काम करणाऱ्यांनी जवळपास रात्रशाळा आहे का, हे आधी पाहावं.

मुदत हुकलीच तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा पर्याय आहे. तिथे दहावीसाठी किमान वय १४, माध्यम मराठीही घेता येतं, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत विषय सुटे सुटे सोडवता येतात.