गोल्फमधले पार्टनर आणि प्रतिस्पर्धी: नियम आणि शिष्टाचार

गोल्फमध्ये बहुतेक वेळा रेफरी नसतोच. जो तुमच्याविरुद्ध खेळतोय तोच चार तास तुमच्याबरोबर चालतो, तुमचा बॉल झाडीत हरवला तर शोधायला येतो आणि तुम्ही किती फटके मारले याच्यावर लक्षही तोच ठेवतो. त्यामुळे सोबतच्या खेळाडूशी कसं वागायचं हा इथे नुसत्या सभ्यपणाचा प्रश्न राहत नाही, नियमपुस्तकाचा बराच भाग त्याच्यावरच उभा आहे. लिखित नियम सगळ्यात जुने सापडतात ते १७४४ चे, एडिंबराजवळच्या लीथचे, एकूण १३, आणि त्यातसुद्धा ज्याचा बॉल होलपासून सगळ्यात लांब त्याने आधी खेळायचं हे आहेच. आज नियम ठरवतात दोन संस्था, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए. २०१९ मध्ये त्यांनी पुस्तक नव्याने लिहिलं, ३४ नियमांचे २४ केले, आणि आधी पुस्तकाच्या सुरुवातीला वेगळं प्रकरण म्हणून असलेला शिष्टाचार थेट नियम १ मध्ये घातला. प्रामाणिक वागा, दुसऱ्याचा विचार करा, कोर्सची काळजी घ्या, हे आता नियमातच लिहिलेलं आहे.

पुढचं सगळं कळायला एक फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. मॅच प्लेमध्ये सामना होल-होल करून चालतो, कमी फटक्यांत बॉल घालेल त्याचा तो होल, एकास एक किंवा जोडीविरुद्ध जोडी, आणि तुमच्या चुकीचा फायदा-तोटा फक्त समोरच्यालाच होतो. स्ट्रोक प्लेमध्ये एकूण फटके मोजतात, म्हणजे तुमची स्पर्धा मैदानावरच्या सगळ्यांशी असते, त्यातले बहुतेक तुम्हाला दिवसभर दिसतही नाहीत. म्हणून मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्धी तुमची चूक सोडून देऊ शकतो, तो त्याचा हक्क आहे, पण स्ट्रोक प्लेमध्ये शेजारच्याने दाखवलेला मोठेपणा म्हणजे तिथे हजर नसलेल्या बाकी सगळ्यांचं नुकसान. माझ्या मते गोल्फच्या नियमांमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे आणि नव्या खेळाडूंना ती कोणी सांगत नाही, थेट ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) सावली पाडू नकोस इथून शिकवायला सुरुवात करतात.

मॅच प्लेमधला सगळ्यात मोठा अधिकार म्हणजे पट सोडून देणं. ग्रीनवर बॉल हळूच ढकलून होलमध्ये घालायचा फटका म्हणजे पट, आणि समोरच्याचा पट इतका छोटा राहिला की तो जाणारच असं वाटलं तर तुम्ही "दिला" म्हणू शकता, मग तो न मारताच गेला असं धरतात. गप्पांत याला गिमी म्हणतात. पूर्ण होल किंवा अख्खी मॅचसुद्धा अशी सोडता येते. एकदा दिलं की परत घेता येत नाही, आणि समोरच्याला नाकारताही येत नाही. पण मागायचं नसतं, हे मात्र कुठे लिहिलेलं नसलं तरी सगळे पाळतात, बॉलजवळ उभं राहून समोरच्याकडे आशेने बघत बसणं वाईटच दिसतं.

१९६९ च्या रायडर कपमध्ये, म्हणजे अमेरिका आणि ब्रिटनच्या संघांमधल्या लढतीत, रॉयल बर्कडेलला, शेवटच्या मॅचच्या शेवटच्या होलवर अमेरिकेच्या जॅक निकलसने आपला पट घातला आणि ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा साधारण दोन फुटांचा पट उरला असताना बॉलच्या जागी खूण म्हणून ठेवलेलं त्याचं मार्कर उचलून तो त्याला देऊन टाकला. रायडर कप १६-१६ असा पहिल्यांदाच बरोबरीत सुटला. अमेरिकेचा कॅप्टन सॅम स्नीड याच्यावर खूश नव्हता, आणि त्याची बाजूही समजण्यासारखी आहे कारण टीमसाठी खेळताना उदारपणा फक्त तुमचा एकट्याचा राहत नाही. तरी माझं मत निकलसच्या बाजूने. कप आधीच्या विजेत्या अमेरिकेकडेच राहणार होता, आणि इतक्या ताणाखाली समोरच्याला दोन फुटांवर चुकताना बघून मिळालेल्या विजयात समाधान ते कसलं.

उलटं उदाहरण २०१५ च्या सोल्हाइम कपचं, अमेरिका आणि युरोपच्या महिला संघांमधल्या लढतीचं, जर्मनीत सेंट लिऑन-रोटला. सतराव्या होलवर अमेरिकेच्या ॲलिसन लीचा जेमतेम दीड फुटांचा पट उरला होता, समोरच्या चालायला लागल्या, तिला वाटलं पट दिलाय म्हणून तिने बॉल उचलला, आणि युरोपची सुझान पेटरसन म्हणाली आम्ही दिलाच नव्हता. नियमाने पेटरसनच बरोबर होती, होल युरोपला गेला आणि पुढे ती मॅचही. मग सिंगल्समध्ये अमेरिकेने जोर लावून कप १४.५-१३.५ असा जिंकला, आणि पेटरसनने दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागितली. आता नियमात सोय आहे, समोरच्याच्या बोलण्यावरून पट दिलाय असा गैरसमज होणं साहजिक असेल तर दंड न होता बॉल परत जागेवर ठेवता येतो. तरीसुद्धा मोठ्याने आणि स्पष्ट "दिला" म्हणावं, आणि ऐकू आलं नसेल तर विचारून मगच बॉलला हात लावावा, एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात. २०१९ मध्ये ऑस्टिनच्या मॅच प्ले स्पर्धेत सर्जिओ गार्सियाने मॅट कूचर काही बोलायच्या आत काही इंचांवरचा बॉल रागाने उलट्या पटरने मारला आणि चुकवला. कूचरला तो होल असा नको होता, पण मारून झालेला पट मागाहून देता येतच नाही.

खेळायचा क्रम चुकणं ही मॅच प्लेमधली दुसरी नाजूक जागा. होलच्या जवळचा खेळाडू आधी खेळला तर दंड नाही, पण प्रतिस्पर्धी तो फटका रद्द करून परत मारायला लावू शकतो, फक्त लगेच सांगायला हवं, पुढचा फटका व्हायच्या आत. २००० च्या सोल्हाइम कपमध्ये लॉक लोमंडला युरोपच्या ॲनिका सोरेनस्टामने चिप, म्हणजे ग्रीनच्या बाहेरून मारलेला छोटा फटका, थेट होलमध्ये घातली, अमेरिकन जोडीने पाळी तिची नव्हती म्हणून फटका परत मारायला लावला आणि दुसऱ्यांदा तो गेला नाही. नियमाच्या आत आहे, पण बॉल आत गेल्यावर हे आठवणं कोणाला आवडेल? पाळीची शंका असेल तर फटक्याआधी बोलावं. स्ट्रोक प्लेमध्ये हा प्रश्न जवळजवळ नाहीच, जो तयार आहे त्याने खेळावं असंच हल्ली सांगतात, वेळ वाचतो.

मॅच प्लेमध्ये प्रतिस्पर्ध्याने विचारलं की किती फटके झाले ते खरं सांगावंच लागतं, चुकीचा आकडा सांगून वेळेत दुरुस्त केला नाही तर होल जातो, आणि स्वतःला पेनल्टी लागली असेल तर विचारायची वाटही न बघता सांगायची. पण एक गोष्ट दोघांनी मिळून करायची नाही, नियम माहीत असून तो पाळायचा नाही असं ठरवणं, त्याला दोघंही बाद. एकट्याने दुसऱ्याची चूक सोडणं चालतं, दोघांनी संगनमत करणं चालत नाही.

पार्टनरचं नातं वेगळं. फोरसममध्ये जोडीचा बॉल एकच आणि फटके आलटून पालटून, म्हणजे पार्टनरने बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) घातला की काढायचा तुम्ही, आणि तिथे तोंड वाकडं न करणं हा त्या प्रकारातला पहिला शिष्टाचार. फोर-बॉलमध्ये प्रत्येकाचा बॉल वेगळा, जोडीतला कमी स्कोअर धरतात, आणि दोघांपैकी कोणी आधी खेळायचं ते जोडीने ठरवायचं. सल्ला फक्त आपल्या कॅडीला (क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, वाहणाऱ्या मदतनीसाला), पार्टनरला आणि पार्टनरच्या कॅडीला विचारता येतो. समोरच्याला "कुठला क्लब मारलास?" विचारलंत तर मॅच प्लेमध्ये होल जातो, स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटके लागतात. खड्डा कुठे आहे, झेंडा कुठे आहे, ठराविक जागेपासून अंतर किती, हे मात्र खुशाल विचारावं, तो सल्ला नाही.

स्ट्रोक प्लेमध्ये सोबतचा खेळाडू तुमचा मार्कर असतो, तुमचा स्कोअर तो लिहितो आणि सही दोघं करतात. १९६८ च्या मास्टर्समध्ये टॉमी ॲरनने रॉबर्टो दि व्हिसेन्झोच्या सतराव्या होलवर ३ ऐवजी ४ लिहिलं, दि व्हिसेन्झोने न बघता सही केली, आणि खऱ्यापेक्षा जास्त स्कोअरवर सही झाली तर तोच कायम राहतो. त्या फेरीचे ६५ चे ६६ झाले, बॉब गोल्बीबरोबरची बरोबरी सोडवायचा प्लेऑफ गेला, तोही त्याच्या ४५ व्या वाढदिवशी. चूक मार्करच्या हातून झाली तरी कार्डाची जबाबदारी खेळाडूचीच. आणखी एक, ग्रीनवर होलजवळ पडलेला बॉल दुसऱ्याचा पुढे जाणारा बॉल थांबवायला उपयोगी पडेल म्हणून तसाच ठेवू असं दोघांनी ठरवलं आणि तो फटका मारला गेला तर ठरवणाऱ्या प्रत्येकाला दोन फटके.

आणि जिथे कोणीच बघत नाही तिथे? १९२५ च्या यूएस ओपनमध्ये, वूस्टरला, बॉबी जोन्सचा बॉल उंच गवतात किंचित हलला, दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता, त्याने स्वतःच एक फटका वाढवून घेतला. तो विली मॅकफार्लेनबरोबर बरोबरीत आला आणि प्लेऑफ हरला.

बाकी रोजच्या गोष्टी पटकन सांगण्यासारख्या आहेत: कोणी फटका मारताना हलू-बोलू नये, त्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नये, बॉल माणसांकडे गेला की जोरात "फोर" ओरडावं, बंकर रेक करावा, बॉल शोधायला तीन मिनिटंच असतात तेव्हा सगळ्यांनी शोधावं. शोधताना प्रतिस्पर्ध्याचा पाय बॉलला लागला तर दंड नाही, एरवी ग्रीनबाहेर त्याच्यामुळे बॉल हलला तर मॅच प्लेमध्ये मात्र त्याला सहसा एक फटका लागतो.

वाद झालाच आणि रेफरी नसला तर मॅच प्लेमधले दोघं आपसात निकाल ठरवू शकतात, आणि प्रामाणिकपणे ठरवलेला निकाल नंतर चुकीचा निघाला तरी कायम राहतो. स्ट्रोक प्लेमध्ये तसं ठरवता येत नाही, तिथे शंका आली तर पुढचा फटका मारायच्या आधी मार्करला सांगून तो होल दोन बॉलनी पूर्ण करायचा, कुठला बॉल धरायचा तेही सांगून ठेवायचं, आणि कार्ड देण्याआधी सगळं स्पर्धेच्या कमिटीला कळवायचं, दोन्ही बॉलचा स्कोअर सारखाच आला असला तरी.