मोटरशिवाय धावणारी सुई

गोंदणाच्या मशीनमध्ये मोटर असते आणि त्याची सुई इंजेक्शनसारखी शाई आत सोडते, असं खरसुंडीच्या यात्रेपासून सांगलीतल्या टॅटू स्टुडिओपर्यंत कुठंही ऐकायला मिळतं. मोटरवर चालणारी रोटरी मशीन असतात, हे खरं. पण ज्याचा तो ओळखीचा घर्रर्र आवाज येतो, त्या कॉइल मशीनमध्ये मोटर नावाला नसते. आणि सुई पोकळ नसतेच. भरीव सुयांचा जुडगा डाख देऊन जोडलेला असतो, शाई त्यांच्या फटींत केशाकर्षणानं धरून राहते आणि कातडीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर खोल पडलेल्या भोकांत उतरते.

मोटरचा समज अगदीच निराधार नाही. एडिसननं 1876 साली कागदाला बारीक भोकं पाडून नकला काढायच्या विजेच्या पेनचं पेटंट घेतलं, त्यात छोटी मोटर होती. त्यावरूनच न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओ'रायलीनं 8 डिसेंबर 1891 रोजी विजेच्या गोंदणयंत्राचं पेटंट मिळवलं. पुढं 1904 मध्ये चार्ली वॅगनर या गोंदणाऱ्याच्या पेटंटमध्ये विद्युतचुंबक आला. मला वेड लावलं ते या चुंबकानं.

ही मशीनं मी घरी, हौसेनं बनवतो. शिकवायला कुणी नव्हतं, पण सांगलीत सामानाला तोटा नाही. कृष्णाकाठी पाण्याच्या मोटारी सारख्या जळतात, त्यामुळं रिवाइंडिंगची दुकानं भरपूर आणि तिथं इनॅमलची तांब्याची तार वजनावर मिळते. स्प्रिंगला गॅरेजमधल्या फिलर गेजची, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्यांच्या जुडग्यातली, 0.45 मिलिमीटरची पाती चालते. खरी निवड गाभ्याची. कॉइलच्या आत कडक पोलादाचा बोल्ट घातला तर करंट बंद झाल्यावरही त्यात चुंबकत्व उरतं आणि पट्टी चिकटून बसते. लोखंड मऊच हवं. ते लालबुंद तापवून राखेत रात्रभर हळूहळू निवू द्यायचं.

आता आठवीच्या पुस्तकातली विद्युत घंटा आठवा. हे मशीन म्हणजे तीच. शेजारी-शेजारी दोन कॉइल, त्यांच्यावर स्प्रिंगनं उचलून धरलेली लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला सुईची दांडी. पट्टीवरची पुढची स्प्रिंग वरच्या स्क्रूला टेकली की करंट वाहतो, चुंबक पट्टी खाली ओढतो, त्या ओढण्यानंच स्क्रूचा संपर्क तुटतो, करंट थांबतो, मागची स्प्रिंग पट्टी परत वर नेते. पुस्तक इथं थांबतं. माझा प्रश्न इथंच सुरू झाला: पट्टी मध्येच, जेमतेम टेकलेल्या जागी, लटकून का राहत नाही? एका बाजूनं स्प्रिंग ओढते, दुसऱ्या बाजूनं चुंबक. घर्षणात ऊर्जा जात असताना हलणं हळूहळू मरायला हवं.

उत्तर कॉइलच्या आळसात आहे. संपर्क जुळल्याबरोबर कॉइलमध्ये पूर्ण करंट येत नाही. करंट बदलायला लागला की कॉइल स्वतःच त्याला अडवते, ही स्वयंप्रेरणा. तिच्यामुळं तो चढायला सेकंदाचे काही हजारावे भाग लागतात. सेकंदाला 100 ठोके धरले तर एका ठोक्याला वेळ मिळतो 10 मिलिसेकंद, म्हणजे हा उशीर मुळीच किरकोळ नाही. पट्टी वर येताना संपर्क जुळतो तेव्हा करंट शून्यापासून निघालेला असतो, चुंबकाचा विरोध दुबळा. पट्टी वर जाऊन वळते आणि त्याच जागेवरून खाली येते, तोवर करंट चढलेला असतो आणि चुंबक जोरात ओढतो. जागा तीच, पण खाली येतानाची ओढ वर जातानाच्या विरोधापेक्षा मोठी. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, तेव्हा जाण्या-येण्याचा हिशेब मांडला की दर फेरीला थोडी ऊर्जा शिल्लक पडते. घर्षण आणि कातडी ती खातात. झोका लांब जाताना ढकलला तर चढतो, तसंच. उशीर नसता तर हे मशीन चाललंच नसतं!

हाच आळस संपर्क तुटताना उलटतो. वाहता करंट थांबायला तयार नसतो. आठ व्होल्टच्या मशीनमध्ये त्या फटीत क्षणभर कितीतरी पट व्होल्टेज उभं राहतं आणि ठिणगी पडते. लांब तारेचं सर्किट तोडताना पडणारी ठिणगी अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीनं 1832 मध्ये नोंदवली. स्वयंप्रेरणेच्या एककाला त्याचंच नाव आहे. ही ठिणगी स्क्रूचं टोक जाळते. म्हणून 47 मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावायचा. करंटला जायला दुसरी वाट मिळते आणि संपर्क स्वच्छ तुटतो.

चुंबकाच्या गोष्टी निघाल्या की सांधेदुखीवरच्या चुंबकी कड्यांचा विषय कुणीतरी काढतंच. "रक्तात लोह असतं, ते ओढलं जातं" हे त्यामागचं शास्त्र म्हणे. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं, खिळ्यातल्या लोखंडासारखं नव्हे. ऑक्सिजन असलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूरच सरतं, हे पॉलिंग आणि कोरियेल या रसायनशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये मोजून दाखवलं. त्या कड्यावर पैसे घालवू नका. सांध्यावर गोंदून घेतलं की वात जातो, ही समजूतही सोडा. यात्रेत एकाच सुईनं दहा जणांना गोंदतात, त्यातून कावीळ ब आणि क पसरू शकते. माझी मशीनं केळीच्या सालीवर चालतात, माणसावर नाही. निर्जंतुकीकरणाची सोय नसलेल्या घरच्या मशीननं कुणीही कुणाला टोचू नये.

ठोके मोजायला मी फोनवरचं तानपुऱ्याचं ट्यूनर ॲप वापरतो. मिरजेच्या गल्लीत तार लावताना वापरतात तसलंच. पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सा म्हणजे सेकंदाला सुमारे 131 कंपनं. रेषा काढायचं मशीन मी त्याच्या आसपास लावतो, रंग भरायचं बरंच खाली. स्प्रिंग कडक केली किंवा पट्टी हलकी केली की सूर चढतो. सूर एका जागी टिकत नसेल तर आधी स्क्रूचं टोक काळं पडलंय का बघायचं आणि मग कपॅसिटर बदलायचा.